मुक्तिसंग्रामाची व्याख्याने आणि आपले जुने कागद

(व्याख्यानाचा सारांश)



दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड-लातूरकडे विद्यापीठाच्या व महाविद्यालयांच्या व्यासपीठांवरून हैदराबाद मुक्तिसंग्रामावर जाहीर व्याख्याने होतात. ती ऐकण्यास आपल्या लोकांनी जावे काय, आणि गेल्यास तेथे काय मागावे, एवढ्याच प्रश्नावर मला आज बोलावयाचे आहे.

नांदेडचे विद्यापीठ आपणांस परके नाही. ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी १४ जानेवारीस औरंगाबादच्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळाले होते. त्या नावाच्या लढ्यात १९७८ साली ज्यांचा बळी गेला ते पोचीराम कांबळे याच नांदेड जिल्ह्याचे. ज्ञानाच्या या मंदिराची किंमत आपण मोजली आहे. तेव्हा तेथे श्रोता म्हणून बसण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने युद्ध थांबविले. त्यापूर्वीचा सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प, उमरीच्या बँकेवरील धाड हे सर्व वक्ते सांगतात आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु त्या काळी गावकुसाबाहेर राहणारा माणूस कोठे होता, हा प्रश्न क्वचितच निघतो. संस्थानातील अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये बजावले होते. उलट बी. श्यामसुंदर हे निजामातर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. या दोन्ही गोष्टी इतिहासात नमूद आहेत. एक सांगून दुसरी लपविल्याने समाजाची प्रतिष्ठा वाढत नाही.

त्याचप्रमाणे सुंदरलाल समितीचा अहवालही वाचला पाहिजे. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घातली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग त्या वेळी उस्मानाबादेत आणि काही भाग बीदर जिल्ह्यात मोडत होता. ज्याने बुद्धाला शरण जाऊन प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेतले, त्याने मेलेल्याचा धर्म विचारून दुःख करावयाचे नसते.

आता माझ्या व्यवसायाकडे वळतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांच्या जातीचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात. म्हणजे संस्थान पडल्यानंतर दोन वर्षेही लोटली नव्हती. मराठवाड्यातील माणसाचा तो पुरावा सहसा निजामी अमदानीतलाच असणार: शाळेचे रजिस्टर, जमिनीची पाहणी, उर्दू लिपी, फसली साल. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यासाठी पूर्वजांची जात कागदावर दाखवावीच लागते. म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझे हात जोडून सांगणे आहे: देव्हाऱ्यातील देव विसर्जित करा, परंतु ट्रंकेतील कागद विसर्जित करू नका. त्यावरील जातीचे नाव आपला धर्म नव्हे. ते आपल्यावर झालेल्या अन्यायाचे प्रमाणपत्र आहे, आणि मुलांच्या शिक्षणाच्या वाटेवर तेच उपयोगी पडते.

तेव्हा व्याख्यानास जा आणि विद्यापीठाकडे दोन गोष्टी मागा. एक, आपल्या वस्त्यांतील वृद्धांच्या जबान्या लिहून घ्याव्यात; ते दिवस जाणत्या वयात पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. दोन, निजामी दप्तरातील उर्दू नोंदी वाचून मराठीत देणारी माणसे तयार करावीत. संग्रामाचे स्मरण फुलांच्या हाराने होते, तसे ते गरिबाच्या हातात त्याचा कागद देऊनही होते. दुसरे स्मरण अधिक टिकते.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.