राविया : फोटोतली आणि फोटो काढणारी

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'रावी' हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर असेल. हदीस ऐकून पुढे सांगणारा तो रावी. त्याचं स्त्रीलिंगी रूप राविया. हजरत आयेशांकडून आलेल्या हदीस २,२१० आहेत असं परंपरा सांगते. म्हणजे बाईनं सांगायचं आणि लोकांनी ते प्रमाण मानायचं, हे आपल्याकडे काही नवं नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये इराण आणि अरब जगातल्या बारा महिला छायाचित्रकारांचं प्रदर्शन भरलं. त्याचं नाव याच 'राविया' शब्दावरून घेतलं होतं : गोष्ट सांगणारी. त्यातल्या तिघींबद्दल मी बोलणार आहे.

मी कला शिकलेली नाही. इंजिनिअरिंग केलं, कोड लिहिते. या फोटोंकडे मी वळले ती भीतीपोटी. १ जानेवारी २०२२ ला 'बुली बाई' नावाचं अ‍ॅप समोर आलं. शंभराहून जास्त मुस्लिम बायकांचे फोटो उचलून गिटहबवर त्यांचा 'लिलाव' मांडला होता. आधीच्या जुलैत 'सुल्ली डील्स' होऊन गेलंच होतं. पकडलेल्यांमध्ये इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, ते मला जास्त लागलं. असलं पान उभं करायला किती थोडा वेळ पुरतो, ते मला ठाऊक होतं ना! त्या रात्री मी माझा डीपी काढून गुलाबाचं फूल लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. अम्मीला बरं वाटलं. तिला बरं वाटलं, याचं मला वाईट वाटलं.

त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ फोटोंची एक मालिका आली. आई, मुलगी आणि मुलीच्या हातात बाहुली. पहिल्या फोटोत आईच्या डोक्याला रंगीत स्कार्फ, दोघी हसतायत. मग एकेका फोटोत रंग उतरत जातात, कपडे काळे होतात, हसू मावळतं, बाहुलीसुद्धा झाकली जाते. नवव्या चौकटीत तिघीही नाहीत. नुसता काळोख. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ती टाकली होती, सोबत हसणारी इमोजी. आठवड्याने आपल्याच लोकांच्या एका ग्रुपवर तीच आली : 'बघा, इस्लामची बदनामी.' दोन्हीकडे फोटो कुणी काढले ते लिहिलेलं नव्हतं.

मी शोधलं. ती बुशरा अल-मुतवक्कल, येमेनची. मालिकेचं नाव 'आई, मुलगी, बाहुली', साल २०१०. आणि फोटोतली आई ती स्वतः आहे, मुलगी तिची लेक. ती हिजाबच्या विरोधात नाही. तिचा राग आहे तो लहान मुलींनाही झाकून टाकणाऱ्या कट्टरपणावर. पाश्चात्त्य माध्यमांत बुरख्याचं जे ठरावीक चित्र रंगवलं जातं, त्याला आपल्या फोटोंनी खतपाणी मिळू नये, याचीही तिला काळजी होती. तिच्या आणखी एका मालिकेत नवरा-बायकोच्या कपड्यांची अदलाबदल होत जाते आणि शेवटी काळ्या कपड्यांत पूर्ण झाकलेला असतो तो पुरुष. ही मालिका मात्र मला कधी कुणी फॉरवर्ड केली नाही, दोन्ही ग्रुपांपैकी कुठेच.

इराणच्या शादी कादिरियनने १९९८ मध्ये काजार काळातल्या स्टुडिओसारखा रंगवलेला पडदा लावला, मुलींना त्या जमान्याचे कपडे घातले आणि हातात दिला पेप्सीचा कॅन, टेपरेकॉर्डर. बघून हसू येतं. आपल्या खालांच्या जुन्या लग्नांतले फोटो आठवतात, मागे रंगवलेला बाग-बंगला असलेले.

माझं मन अडकलं ते नुशा तवक्कोलियनपाशी. ती सोळाव्या वर्षी तेहरानच्या एका वर्तमानपत्रात छायाचित्रकार झाली. इराणमध्ये पुरुष श्रोत्यांसमोर बाईला एकटीने गाता येत नाही. नुशाने २०१० मध्ये सहा गायिकांना चमचमत्या पडद्यापुढे उभं केलं. त्या गातायत, डोळे मिटलेले, आणि व्हिडिओला आवाज नाही. मग तिने त्यांच्या कधीच न निघालेल्या सीडींची कव्हरं बनवली. एकीवर रस्त्यात उभी मुलगी, हातांत बॉक्सिंगचे लाल ग्लोव्हज. सीडीच्या डब्या रिकाम्या. मालिकेचं नाव, 'ऐका'.

आपल्याकडे गाण्यावर तशी बंदी नाही, खरं आहे. पण निकाहच्या पत्रिकेवर मुलीच्या नावाऐवजी 'दुख्तर' छापलेलं मी पाहिलंय. आणि माझ्या ओळखीच्या बारा-तेरा मुलींच्या डीपीवर आज गुलाब, मोर किंवा काबा आहे. ज्यांना स्वतःहून तसं हवंय त्यांना माझं काही म्हणणं नाही. मी माझ्यापुरतं बोलतेय : माझं फूल माझ्या मर्जीचं नव्हतं. ते मी मागच्या महिन्यात काढलं. नवा फोटो माझ्या भाचीने काढलाय, थोडा हललेला आहे.

आता मागचे दिवे जरा बंद करा. बुशराचे नऊही फोटो क्रमाने लावते. प्रत्येक फोटो पडद्यावर अर्धा मिनिट राहील. मोबाईल खाली ठेवा.