नम्रता म्हणजे लाचारी नव्हे



नम्रतेविषयी बोलायचे म्हटले की आपल्या समाजात थोडा संकोच वाटतो. आपल्या पणजोबांना वाकावे लागले, जोहार घालावा लागला. ती नम्रता नव्हती, लादलेली लाचारी होती. ती आपण टाकून दिली, हे योग्यच झाले. परंतु लाचारीबरोबर नम्रताही टाकली गेली काय, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

धम्मातील दहा संयोजनांमध्ये, म्हणजे बंधनांमध्ये, 'मान' हे एक आहे. मान म्हणजे केवळ गर्व, असे आपण समजतो. पाली वाङ्मयात मात्र त्याचे तीन प्रकार येतात : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. समतेचा हक्क वेगळा. येथे रोख आहे तो सतत तुलना करण्याच्या सवयीवर. म्हणून स्वतःला हीन समजणे हाही मानच ठरतो. साहेब झाल्यावर वस्तीकडे पाठ फिरविणारा आणि महाविद्यालयात वस्तीचे नाव सांगताना चाचरणारा, दोघेही दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजत असतात. त्या विद्यार्थ्याला दोष देण्याचा हेतू नाही. त्याची लाज त्याच्यावर लादलेली आहे. पण ती उतरवून ठेवणे त्याच्या हाती आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात उपालीची हकिकत आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास आले. त्यांनीच भगवंतांना विनंती केली, की आमच्या सेवेतील न्हावी उपाली याला आधी प्रव्रज्या द्यावी. म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी विनयाचे प्रश्न उपालींनाच विचारले आणि उपालींनी त्यांची उत्तरे दिली. कुमारांनी कुळाचा अभिमान सोडला, ही नम्रता. उपालींनी आपले ज्ञान लपविले नाही, हीदेखील नम्रताच.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव होत असताना, हे सर्व श्रेय माझे एकट्याचे नाही, असे त्यांनी सांगितले. सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांची नावे त्यांनी आदराने घेतली. कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत. त्याच भाषणात त्यांनी देशाला कठोर इशारेही दिले. ज्याला आपली योग्यता ठाऊक असते, त्याला दुसऱ्याचे श्रेय देताना भीती वाटत नाही.

आता आमची एक चूक सांगतो. एका वर्षी गुणगौरव समारंभात आम्ही अधिकारी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. घरोघर फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या आजीबाई मागे सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचे नाव आभारातही आले नाही. समारंभ संपल्यावर त्यांनीच सतरंज्या झटकून घड्या घातल्या, तेव्हा आमचे डोळे उघडले.

विद्यार्थी मित्रहो, गुणपत्रिकेत कमी गुण असतील तर तेवढेच कमी आहेत, तुम्ही कमी नाही. जास्त असतील तर त्यांत आईच्या मजुरीचा वाटा आहे. जे येते ते 'येते' म्हणा. जे येत नाही ते विचारा. मान ताठ ठेवा, मन मात्र मऊ असू द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.