टिटवीची पिले



चैत्रात आम्ही काही जण पहाटे गोदावरीकाठी फिरायला जातो. यंदा पात्रातल्या गोट्यांत टिटवीची चार पिले दिसली. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते. उन्हात पोटाची पिसे भिजवून आणते, अंडी गार ठेवते. पिले जन्मल्या दिवशीच धावतात, स्वतःच किडे टिपतात. आई ओरडली की जागीच दबतात. पायाशी असली तरी दिसायची नाहीत.

लहानपणी आम्हाला सांगत, टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार. अहो, ती तर लेकरांना सावध करते! डोळ्यांनी पाहिले, भीती गेली. खरा अपशकुन वाळूच्या ट्रॅक्टरचा. चाक आले तरी पिलू दबूनच बसते. तेव्हा उन्हाळाभर पात्रात गाडी घालू नका, हे आपण घरोघर सांगू या.

जयभीम!