न भाजलेली वीट



दहा मिनिटं मिळाली आहेत. घंटा झाली की सरांनी मला खुशाल बसवावं.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या वर्गातले काही बाक रिकामे दिसायचे, आठवतं? ती मुलं आईबापांबरोबर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असायची. पावसाच्या तोंडावर काही परत यायची, काही आलीच नाहीत. पुढे मी बांधकामात पडलो. भाजलेली वीट हातात आली की ते बाक डोळ्यांसमोर येत. म्हणून घर बांधायची वेळ आली तेव्हा न भाजलेली वीट करायचं ठरवलं.

रीत साधी आहे. वरची पालापाचोळ्याची माती बाजूला काढायची, खालची लालसर मुरुमाड माती चाळायची, त्यात शेकडा 5 ते 10 सिमेंट आणि मूठ जेमतेम वळेल इतकंच पाणी. मग हातयंत्रात दाबायची. असं यंत्र 1950 च्या दशकात कोलंबियात निघालं. आपल्याकडे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि ऑरोविल यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. या विटांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस 1725. तीन-चार आठवडे सावलीत ठेवायच्या, पहिले काही दिवस ओल्या. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही.

पण माझी पहिली खेप वाया गेली. फुकटची म्हणून भातखाचरातली काळी माती घेतली. वाळताना एकूणएक वीट तडकली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिला सिमेंटपेक्षा चुना मानवतो. आई म्हणाली, "सारवायची माती वेगळी नि भिंतीची वेगळी. मला विचारायचंस तरी!" शास्त्राच्या सरांनी बरणीत माती घुसळून दाखवली होती, वाळू तळाशी आणि चिकण वर. ती परीक्षा मी घर बांधताना विसरलो होतो. सर, माफ करा.

दुसऱ्या वेळी विहिरीच्या खोदाईतला मुरूम वापरला. जोतं काळ्या दगडाचं, पाखी भिंतीपासून तीन फूट पुढे. आपल्याकडचा पाऊस तिरका, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा द्यावाच लागला.

आणखी एक. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धक्के बसताहेत. कुडाचं घर हलकं, ते डुलतं. मातीच्या विटांची भिंत जड असते. खिडक्या-दारांवर आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, एवढं केल्याशिवाय बांधू नका. खर्च हमखास कमी होतो असंही मी म्हणणार नाही. माती ट्रकने आणलीत तर बचत संपली.

बघायचं असेल तर वाडा तालुक्यात गालतऱ्याला गोवर्धन इकोव्हिलेजमध्ये अशा विटांच्या इमारती उभ्या आहेत. माझं यंत्र पडवीत पडून आहे. ज्याला हवं त्याने घेऊन जावं. येताना आपल्या जागेतली माती तेवढी बरणीत भरून आणा.