बाळकुम नाक्यावरचा धूर

बाळकुम नाक्यावर संध्याकाळी बसची वाट पाहत उभे राहा. कापूरबावडीकडून येणाऱ्या गाड्यांचा धूर असतोच, त्यात शेजारचा कुणीतरी सिगारेट पेटवतो आणि कडेवरचं मूल खोकायला लागतं. अशा ठिकाणी बंदी हवी का, असं आजही विचारलं जातं. श्रोतेहो, बंदी कधीचीच आहे!

मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. न पिणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का सोसावा, हा त्यामागचा मुद्दा. मग तंबाखू नियंत्रणाचा २००३चा कायदा आला. २ ऑक्टोबर २००८च्या नियमांनी कामाची ठिकाणं, मॉल आणि बसथांबेही त्यात आणले. दंड २०० रुपयांपर्यंत.

एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. हॉटेल किंवा कार्यालयात तक्रार करूनही मालकाने, व्यवस्थापकाने काही केलं नाही, तर दंड त्यालाही होतो. तिथे ॲशट्रे, काडेपेटी ठेवायलाही मनाई आहे.

मला ही बंदी पूर्णपणे योग्य वाटते. पिणाऱ्याला मोकळी जागा शोधता येते, कडेवरच्या मुलाला बाजूला सरकता येत नाही. तेव्हा थांब्यावर कुणी सिगारेट काढली, तर “दादा, इथे नको” एवढं जरूर म्हणा.