सूर्यावरचा पीळ



नारायणगावाहून खोडदच्या वाटेला लागले की शेतांपलीकडे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. अशा तबकड्या एकंदर ३० आहेत. त्यांच्या उभारणीचे प्रवर्तक डॉ. गोविंद स्वरूप यांनी आपल्या खगोलसंशोधनाचा आरंभ सूर्यापासूनच केला होता. १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याणजवळ सहा-सहा फुटी ३२ तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. तेव्हा सूर्य हा विषय या परिसराला परका नाही. आज त्याच्याविषयीच्या एका जुन्या समजुतीची झडती घ्यावी म्हणतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांना सूर्यडागांजवळ काही मिनिटे लख्ख प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. आपल्या मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत त्या वेळी चुंबकसूचीच्या नोंदी घेतल्या जात होत्या. तेथे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे आढळते. एवढ्या मोठ्या वादळाची ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ तपासतात.

मग साहजिकच समजूत झाली की, आधी ज्वाला भडकली, नंतर वादळ आले, म्हणजे ज्वालेनेच वादळ आणले. परंतु ज्वालेचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. तासांनी किंवा दिवसांनी पोचणारे ते काय? त्याचा उलगडा १९७१ नंतर, कृत्रिम उपग्रहांनी सूर्याच्या प्रभामंडलाची चित्रे घेतली तेव्हा होऊ लागला. सूर्य कधी कधी चुंबकीय क्षेत्रासह तप्त वायूचा प्रचंड ढगच भिरकावून देतो. मोठ्या ढगाचे वजन १०० कोटी टनांच्या घरात जाते. त्याला 'कोरोनल मास इजेक्शन' म्हणतात. आपण त्याला प्रभामंडलीय उत्सर्जन म्हणू.

हे सुरू कसे होते? दोर वळणाऱ्याला विचारा. पीळ देत गेले की दोर ताणतो, आणि पीळ अती झाला की दोर वेटोळे घालून उसळतो. सूर्याच्या पृष्ठावरील हालचालींनी तेथील चुंबकीय रेषांनाही असाच पीळ बसत जातो. वरच्या रेषांची कमान त्या पिळलेल्या दोराला दाबून धरते. ती कमान सैल पडली, किंवा खालच्या रेषा तुटून नव्याने जुळल्या, की दोर सुटतो. यांपैकी पहिली ठिणगी कोणती, यावर अद्याप वाद आहे. रेषा तुटून जुळताना जी ऊर्जा मोकळी होते, तिचा झगमगाट म्हणजे ज्वाला. आणि सुटून गेलेला दोर म्हणजे उत्सर्जन. म्हणजे दोघी एकाच आईच्या मुली. एक दुसरीची आई नव्हे.

पुरावा हवा? ऑक्टोबर २०१४ मध्ये एका अवाढव्य डागसमूहातून सर्वांत वरच्या वर्गाच्या सहा ज्वाला उठल्या, पण त्यांपैकी एकीबरोबरही ढग निघाला नाही. वरची कमान घट्ट होती. उलट, मोठी ज्वाला न दिसताही शांत तंतू सुटून ढग निघाल्याची उदाहरणे आहेत. सुंभ जळतो, पण पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. सूर्यावरचा पीळही ज्वालेत जळून संपत नाही. तो बाहेर टाकण्याचा मार्ग म्हणजे उत्सर्जन, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

हा फरक केवळ पंडितांचा नव्हे. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. ढग पृथ्वीवर आदळला तरी त्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल तरच मोठी हानी होते, आणि तो रोख ढग पृथ्वीजवळ आल्यावरच नक्की मोजता येतो. त्यासाठी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पहारे बसवले आहेत. त्यांतच २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आपले 'आदित्य-एल१' आहे. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने घडविली. पण ढग त्या पहाऱ्यापाशी आला की आपल्या हाती तासाभराहून फारसा वेळ उरत नाही.

तेव्हा उद्या वर्तमानपत्रात 'सूर्यावर महास्फोट' असा मथळा दिसला, तर घाबरू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. तीन प्रश्न विचारा : ढग निघाला काय? तो आपल्याकडे येत आहे काय? आणि त्याचा रोख दक्षिणेला आहे काय? ज्वाला पाहणे सोपे आहे. पीळ ओळखणे हेच खरे काम.