'जिजून' : एक उपाशी विशेषण

इंग्रजींत 'जिजून' असें एक विशेषण आहे. बोलण्यांत तें क्वचितच येतें. ग्रंथपरीक्षणांत मात्र अधूनमधून भेटतें. समजा, एखाद्या टीकाकारानें नव्या कादंबरीला 'जिजून' म्हटलें. त्याला ती नीरस वाटली कीं पोरकट? कोश उघडावा, तर दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं दिलेले! वृद्ध पंडिताचें लिखाण नीरस असूं शकेल. पण त्याला पोरकट म्हणणें हा निराळाच आरोप झाला.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'उपाशी'. शवविच्छेदनांत लहान आंतड्याचा मधला भाग बहुधा रिकामा आढळे, म्हणून प्राचीन शारीरशास्त्रांत त्याला याच शब्दावरून 'जेजुनम' हें नांव पडलें. वैद्यकांत तें आजहि चालू आहे. 'डाइन', म्हणजे जेवणें, हें इंग्रजी क्रियापदहि याच कुळांतलें. त्याचा मूळ अर्थ उपास सोडणें, आपण ज्याला पारणें म्हणतों तें. सतराव्या शतकांत हें विशेषण इंग्रजींत रुळलें आणि पोटाचें रितेपण विचारांना लागलें. ज्या अन्नांत कस नाहीं, ज्या व्याख्यानांतून श्रोता उपाशीच उठतो, तें सारें 'जिजून'.

मग पोरकटपणा कोठून आला? केवळ ध्वनिसाम्यानें. 'जुव्हेनाइल' हा शब्द कानांत घोळत होता. शिवाय फ्रेंचमध्यें 'तरुण' व 'उपास' या अर्थांचे शब्द लिहितांना एका स्वरचिन्हानेंच वेगळे पडतात. वास्तविक त्यांचीं लॅटिन मुळें अगदीं भिन्न आहेत. १८९८ सालीं छापलेल्या 'आर्म्स अँड द मॅन' नाटकांत बर्नार्ड शॉनें सर्जियसच्या भाबडेपणाला हेंच विशेषण लावलें आहे.

मराठी माणसानें यावर हंसूं नये. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड; तेव्हां 'अपरोक्ष' म्हणजे समक्ष. 'अपरोक्षानुभूति' या ग्रंथनामांत हाच अर्थ आहे. तरीहि 'त्याच्या अपरोक्ष निंदा केली' हें वाक्य सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकूं येतें.

रूढीपुढें व्याकरण हरतें, हें खरें. पण पोरकटपणाला इंग्रजींत शब्दांचा तोटा नाहीं. रित्या पोटाची ही उपमा मात्र या एकाच शब्दांत होती. वाचकाच्या हातीं आतां संदर्भ उरतो. टीकाकारानें पुढच्या वाक्यांत कथानकाचा तुटवडा दाखविला असेल, तर अर्थ जुना. नायकाच्या बालिश भाषणांची थट्टा असेल, तर नवा.